पेटीतली पिल्लं

३ मार्च, मंगळवार

टोचून झाल्या! नऊच्या नऊ! आणि हे म्हणतात, "झालं तुझं समाधान?" माझं समाधान! जशी काही मलाच सुई टोचून घ्यायची हौस होती.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. पोरसवदा आहेत, पण हात पक्का. कानामागे मानेत सुई, डुकरीण किंचाळेपर्यंत काम उरकलेलं. ह्यांनी फक्त फळी धरून तिला भिंतीशी दाबायचं होतं. तेही जमेना. भांडखोरीनं फळीसकट ह्यांना खाण्याच्या टाकीत बसवलं. (भांडखोर हे डुकरिणीचं नाव. मीच ठेवलंय. शोभतं.) धाकटे दीर "वहिनी, घाबरू नका, मी आहे ना" म्हणाले आणि दुसऱ्या क्षणाला कठड्यावर चढून बसले. जगाला सल्ले देत फिरतात म्हणून मी मनात त्यांना सल्लागार म्हणते. तोंडावर भाऊजी. एरवी पोट धरून हसले असते. आज रागच इतका होता की हसू फुटलं नाही.

सहा महिने मागे लागले तेव्हा ही लस आली, त्याचा राग. मागच्या दोन्ही खेपांना पिल्लं हगवणीनं गेली. पिवळं पाणी, दुसऱ्या दिवशी कातडं हाडाला, तिसऱ्या दिवशी थंड. मागच्या खेपेला अठ्ठ्याण्णवातली एकेचाळीस उरली. वहीत आहे, तारीखवार. एकेकाला मी फडक्यानं पुसलंय आणि एकेकाला मीच पुरलंय. ह्यांनी काय केलं? "नशीब" म्हणाले.

लस आईला टोचायची आणि फायदा पोरांना. आज एक, तीन आठवड्यांनी दुसरी, त्यानंतर दोन आठवड्यांनी विणं सुरू. एवढं मला कळलं, तेही ह्यांच्या खांद्यावरून डोकावून. डॉक्टरीणबाई बोलतात ह्यांच्याशी. मी बादली धरून उभी.

५ मार्च, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. पेन्सिल दोनदा मोडली.

कपडे वाळत घालत होते. चादरीपलीकडे दोघं भाऊ. सल्लागार सांगत होते, "एकजण सिमेंटच्या गोण्या ठेवायला जागा शोधतोय. शेड उत्तम आहे. फक्त डुकरं काढायची." हे म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे 'हो'. इतक्या वर्षांत कळलंय मला.

चादर बाजूला केली. दोघंही चोरासारखे!

लग्न होऊन आले तेव्हा दोन डुकरिणी होत्या, त्याही खरजेनं भरलेल्या. नऊ मी केल्या. कप्पे मी पाडले, मोरी मी काढली, कुठली कधी माजावर आली, कधी गाभण राहिली, सगळं माझ्या वहीत. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेनंतर जगात माझ्या नावावर झालेली एकच गोष्ट, ही शेड. आणि हे चादरीआड बसून ती गोण्यांना देणार!

ह्यांना म्हटलं, "या वेळी पिल्लं वाचली तर शेड राहील का? देवाला स्मरून सांगा."

"राहील. पण नाही वाचली, तर परत तोंड उघडायचं नाही."

"कबूल."

सल्लागार म्हणाले, "वहिनी, व्यवहारात देवाला आणू नये."

त्यांना म्हटलं, "तुम्हाला आणण्यापेक्षा बरं."

६ मार्च

प्रार्थनेला बसले. पण देवाशी बोलायच्या ऐवजी मनातल्या मनात दिराशीच भांडत राहिले. उठले. असल्या मनानं हात जोडले तर त्यालाही पटणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

दुसरा डोस झाला. माझ्याविना!

सासूबाईंच्या कवळीचं माप द्यायला आजच जायचं होतं. डॉक्टरीणबाई दुपारी येणार होत्या, आल्या सकाळीच. परत आले तर गाडीची धूळ तेवढी दिसली.

ह्यांना विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. झालं म्हणाल्या."

"इतका वेळ होत्या, काहीतरी बोलल्या असतीलच."

"अगं बाई, डॉक्टर आहेत त्या. बोलतातच."

भिंतीला विचारलं असतं तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता.

७ एप्रिल, मंगळवार

काळतोंडी व्याली! दुपारी बाराला सुरू, चारला संपलं. तेरा! सगळी जिवंत.

मी आणि सासूबाई सकाळपासून तयारीत. ऐंशीला टेकल्या, पण विण्याच्या दिवशी खुर्ची शेडच्या दारात मांडून बसतात आणि हुकूम सोडतात. आमची पद्धत त्यांचीच, आणि मी ती जशीच्या तशी उचललीय. पिल्लू बाहेर आलं की नाक-तोंड पुसायचं, नाळ बांधायची आणि थेट लाकडी पेटीत. खाली गोणपाट, वर दिवा. डुकरीण कूस बदलताना दोन-तीन चिरडते, ते नको. पेटीत साखरपाण्यात बुडवलेला बोळा चोखायला द्यायचा. आई उठून खायला लागली, अंगातला शीण गेला, की मग पिल्लं लावायची. सकाळ उजाडते त्याला. आणि लावण्याआधी प्रत्येक सडाची पहिली धार गवतावर टाकायची. ते पिवळं दूध जड, कोवळ्या पोटाला बाधतं. "माझ्या हातचं एकही चिरडून गेलं नाही कधी," सासूबाई म्हणतात. खरं आहे. माझ्याही हातचं नाही.

तेरा माना दिव्याखाली एकमेकींवर टाकलेल्या. बघत राहिले. देवा, ही राहू देत.

८ एप्रिल

आणखी दोघी. अकरा आणि बारा. पाठ मोडली. पण छत्तीस!

१० एप्रिल, शुक्रवार

पिवळं.

काळतोंडीच्या कप्प्यात सकाळी शेपटीखाली पिवळं पाणी. पाच पिल्लांना. दुपारपर्यंत नऊंना.

हे दारात उभं राहून म्हणाले, "लस टोचली होती ना?" मला विचारतात!

११ एप्रिल

चौदा गेली. आज एवढंच.

१२ एप्रिल, रविवार

छत्तीसातली पंचवीस. खड्डा पुरला नाही, वाढवावा लागला.

सल्लागार बघायला आले. नाकावर रुमाल. "वहिनी, मी आधीच म्हणालो होतो." वासरांत लंगडी गाय शहाणी! हे जेवताना एवढंच म्हणाले, "तू कबूल केलं होतंस." पोळी तव्यावर करपली. करपू दिली.

प्रार्थना केली नाही. ज्यानं ऐकायचं त्यानं कान झाकून घेतलेत.

१३ एप्रिल, सोमवार

आज मी जे केलं ते या घराण्यातल्या कुठल्या बाईनं केलं नसेल.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाकावर चारजण. एकाच्या मांडीवर मांजर. मी उभ्या उभ्या सुरू झाले. "पाणी टोचलंत! औषध म्हणून पाणी टोचलंत आमच्या जनावरांना! पंचवीस पिल्लं मातीत घालून आलेय मी. हात बघा!" नखांत खरंच माती होती.

बाकावरची म्हातारी म्हणाली, "बाई, सावकाश, रक्तदाब वाढेल." तिलाही सुनावलं. मांजर पळालं. त्याच्यामागे मांजरवाला पळाला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यानं आणखीच भडकले. म्हणाल्या, "बाटल्या माझ्या हातात होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत थंड. लस चांगली होती. म्हणजे दुसरंच काहीतरी चुकतंय. पुढची कधी व्यायचीय?"

"बुधवारी, बहुतेक. सडात दूध उतरायला लागलंय."

"मी येते. तोवर कोणाला बोल लावू नका."

कोणाला लावू नको? मी काय दगड आहे?

१५ एप्रिल, बुधवार

सगळं लिहून काढते. 

भांडखोर सकाळी नऊला सुरू झाली. सासूबाई खुर्चीवर, मी कप्प्यात, हे आणि सल्लागार बाहेर. सल्लागारांनी बरोबर एका माणसाला आणलेलं, शेडची लांबी-रुंदी मोजायला! डुकरीण विते आहे आणि हा इसम फीत धरून भिंतीलगत चालतोय! "ती फीत आत आणली तर डुकरीण सोडीन अंगावर," मी म्हटलं. ह्यांना टाकीत बसवणारी डुकरीण हीच, हे भाऊजींनी त्याला हळूच सांगितलं असावं. फीत गुंडाळली गेली.

डॉक्टरीणबाई बाराला आल्या तेव्हा सात झाली होती. सातही पेटीत. त्यांनी डुकरिणीकडे बघितलं, तिच्या सडांकडे बघितलं, मग इकडेतिकडे.

"पिल्लं कुठायत?"

मी अभिमानानं पेटीवरचा दिवा बाजूला सारला. अभिमानानं!

"ही इथं काय करतायत? कधीपासून?"

"पहिलं नऊला झालं. आई उठेपर्यंत इथंच ठेवतो आम्ही. उद्या सकाळी लावायची, पहिली धार गवतावर टाकून."

त्या मट्‌कन खाली बसल्या, चिखलातच.  मग पेटी स्वतः ओढली आणि एकेक पिल्लू सडाला लावत सुटल्या. "अहो, चीक! पहिला चीक! पिल्लू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्याजवळ काही नसतं. लस आईला टोचली, तिचं बळ उतरतं चिकात. पहिल्या काही तासांत तो पोटात गेला तर ते बळ जातं बाळाच्या अंगात. उद्या सकाळी लावलंत तर आतडं ते घेतच नाही. आणि गवतावर काय टाकता म्हणालात? पहिली धार? ती लसच आहे ना! तुम्ही लस ओतून देताय!"

मी! साबणाच्या उरलेल्या चकत्या दाबून नवी वडी करणारी मी. हे लिहितेय ती रोजनिशीसुद्धा गेल्या वर्षीची कोरी राहिलेली, वार खोडून वापरतेय. त्या मी लस गवतावर ओतली. नेमानं. प्रत्येक सडाची.

मी म्हटलं, "मग आजवर जगली कशी?"

"तेव्हा जनावरं दोनच, शेडमध्ये हा रोगच नसेल. आता जमिनीत मुरलाय. आता चिकाशिवाय निभाव नाही."

सासूबाई दारातून कडाडल्या, "पहिलं दूध बाधतं! माझ्या सासूनं सांगितलंय, तिच्या सासूनं तिला!"

डॉक्टरीणबाई वळल्या. शांतपणे म्हणाल्या, "नाही हो आजी. डुकरीण असो, गाय असो, बाई असो. कुठल्याही बाळाला पहिला चीक हाच."

सासूबाई उठल्या आणि घरात निघून गेल्या. काठी विसरून. अपमान झाला म्हणून फणकाऱ्यानं गेल्या असतील.

मी डॉक्टरीणबाईंवर उसळले. "हे सांगायला काय झालं होतं? इतके दिवस!"

त्या चकित. "सांगितलं की! दुसऱ्या डोसाच्या दिवशी. दोनदा सांगितलं. यजमानांना."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छपराकडे.

"असं काहीतरी म्हणाल्या खऱ्या," हे म्हणाले. "मला वाटलं, बायकांच्या कामातलं काही असेल."

बायकांच्या कामातलं! मग बायकोला नको का सांगायला! ज्या बाईचे हात त्या पेटीत, तिला सोडून सगळ्यांना ठाऊक! पंचवीस! आणि मी परवा भर दवाखान्यात त्या पोरीला चोर ठरवून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

डॉक्टरीणबाईंनीही मान खाली घातली. "तुमच्याशी बोलायला हवं होतं. पेटी कोण भरतं हे मी विचारलंच नाही. माझंही चुकलं." चूक कबूल करणारं आज एकच माणूस भेटलं, तेही बाहेरचं.

भांडखोरीला एकूण बारा झाली. बाराही लगेच सडाला.

१६ एप्रिल, गुरुवार

झोप लागली नाही. कशामुळे ते इथंही लिहिणार नाही.

सकाळी सासूबाईंना चहा दिला आणि देता देता बोलून गेले. "तुमच्या पद्धतीनं मारली आपण. पंचवीस. आणि त्याआधीची वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या शहाणपण म्हणून हेच!" त्यांनी कप घेतला नाही.   तोंडाला तोंड दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पश्चात्ताप? नाही. अजून राग आहे. पुष्कळ आहे.

१८ एप्रिल, शनिवार

कालपासून तिघी व्याल्या. तेरा, दहा, बारा. पेटी शेडबाहेर फेकली. पुसलं, नाळ बांधली, की सडाला. थरथरत, आंधळ्यासारखी नाकं घासत जातात, चुकतात, आईच्या पायावर चढतात, आणि एकदा का सापडलं की अख्खं अंग त्या एका चोखण्यात. इतकी वर्षं हे मी बघितलंच नव्हतं. मी त्यांना उचलून न्यायचे.

चिरडायची भीती आहेच. म्हणून ह्यांना बसवलंय. स्टुलावर, फळी घेऊन, कप्प्यात. डुकरीण कूस बदलायला लागली की फळी मध्ये घालायची. काल सकाळपासून पाळी ह्यांचीच.

"किती वेळ बसू?" हे विचारतात.

"बायकांचं काम आहे. संपत नसतं."

खायलाही तिथंच देते. भांडखोर ह्यांच्याकडे अशी बघते की बोट हलवायची हिंमत नाही. बसा!

२१ एप्रिल, मंगळवार

शेवटच्या दोघीही झाल्या. अकरा, चौदा.

सासूबाई शेडकडे फिरकल्या नाहीत. ताटात अन्न तसंच. "भूक नाही," म्हणतात. ह्यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मीही डोळ्यांनीच सांगितलं, तुमची आई, तुम्ही बघा.

२३ एप्रिल, गुरुवार

भांडखोरीची आठ दिवसांची झाली. बारातली दहा. एक जन्मतःच अशक्त होतं, एक चिरडलं. (हे डुलकी घेत होते! "क्षणभरच डोळा लागला." तिला क्षणच लागतो!) बाकी पाचजणींची साठातली छप्पन्न. हगवण एकालाही नाही. शेपट्या कोरड्या, पोटं ढोलासारखी.

सल्लागार आले. "वहिनी, मी म्हणतच होतो, लसीशिवाय पर्याय नाही." मी हातातली बादली खाली ठेवली, कारण हातात राहिली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. ह्यांनीच मग तोंड उघडलं, "तुझ्या गोण्यावाल्याला सांग, जागा नाही." देवाला स्मरून दिलेला शब्द पाळला. तेवढं त्यांच्या बाजूला लिहिते.

जिंकले मी. उड्या माराव्यात असा दिवस. प्रार्थनेला बसले, आभार मानले, पण छातीतलं उतरत नाही. सासूबाई आज दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

२६ एप्रिल, रविवार

दुपारी ताट घेऊन गेले तर सासूबाई उठून बसलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझा पहिला सातव्या दिवशी गेला. हगवणीनंच. त्याला तीन दिवस साखरपाणी मीच पाजलं होतं, तुला दूध पिळून टाकायला लावलं होतं. मग तोही…?"

एकतीस वर्षांत त्याचा विषय या घरात निघाला नव्हता.

मी म्हटलं, "नाही आई. त्याचं काळीजच जन्मतः कच्चं होतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते मला. तुम्हाला सांगायचं राहिलं."

त्यांनी मग ताट ओढलं. म्हणाल्या, "वाढ आणखी."

वाढलं.

डॉक्टर कुठला! कोणी बोलावलाच नव्हता.